सीझन सरेपर्यंत

"माझं न्हाई ओ. अमानत हाय."

असं म्हणताना सिस्टर दोन्ही हात वर करून रिकामे तळवे समोरच्याला दाखवायच्या. समोरच्या बिचाऱ्याने चोरीचा आळ घेतलेला नसायचा. रस्त्याने जाता जाता तो एवढंच म्हणालेला असायचा, "बाई, तुमचं कुत्रं लई देखणं हाय." पण 'तुमचं' हा शब्द कानावर पडला की सिस्टरांचे हात वर गेलेच म्हणून समजा.

अहमदपूरला आमची आणि त्यांची भिंत एकच. देवणीकडच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या कॉलनीत दोन खोल्या बांधल्या. नवरा आधीच गेलेला, मुलगा पुण्याला कंपनीत. दारावर नावाची पाटी होती, पण ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली लख्ख पुसलेली फरशी आणि त्या फरशीवर पसरलेलं पांढरं, केसाळ, पामेरियन जातीचं कुत्रं.

मला कुत्र्यांचं प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकतो. मास्तरकीत खेड्यापाड्यांतून सायकल हाणताना मी दोनदा पोटरी फोडून घेतली आहे. तेव्हा हे मी कुत्र्यासाठी लिहीत नाही, सिस्टरांसाठी लिहितो आहे. निदान सुरुवातीला तरी मला असं म्हणू द्या.

कुत्र्याचं नाव ब्रुनो. तो आमच्या समोरच्या घरचा. तिथे कॉलेजातले एक प्राध्यापक, त्यांची बायको आणि एकुलती एक मुलगी राहायची. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे घर हललं. आमच्या भागात आता लेकराची मुंज किंवा बारसं एखादवेळी राहून जाईल, पण दहावीनंतर त्याला डॉक्टर करायला लातूरला नाहीतर नांदेडला नेणं चुकत नाही. आई खोली करून लेकराबरोबर राहते, बापही तिकडेच राहून एसटीने नोकरीला ये-जा करतो. लातूरच्या घरमालकाने कुत्रं चालणार नाही म्हणून आधीच बजावलं होतं. टेम्पोत गाद्या चढत होत्या आणि मुलगी ब्रुनोच्या गळ्यात पडून रडत होती. सिस्टर आपल्या फाटकात उभ्या राहून बघत होत्या.

"दोनच वर्षं, सिस्टर," मुलीची आई म्हणाली. "हिची बारावी झाली की लगेच घेऊन जातो."

"सीझन सरंपर्यंत ठिवते की," सिस्टर म्हणाल्या. "जावा तुमी बिनघोर."

आता हा 'सीझन' काय ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यापाशीच येऊन थांबते.

सिस्टरांचं माहेर शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात. त्यांच्या लहानपणी दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला निघायची. ट्रकमध्ये भांडीकुंडी चढायची, लेकरं चढायची, पण म्हातारी शेळी, खुडूक कोंबडी, दारचं कुत्रं कुठे नेणार? ते सगळं सिस्टरांच्या आईच्या दारात येऊन पडायचं. आई ते सीझनभर सांभाळायची. एखादी कोंबडी मुंगसाने नेली तर आपल्या खुराड्यातली द्यायची. शेळी व्याली तर करडूही त्या माणसाचंच. उन्हं तापायला लागली की ट्रक परत यायचे आणि ज्याचं त्याच्या हवाली व्हायचं.

"एकबी माणूस जनावर सोडून ऱ्हायला न्हाई, सर," सिस्टर मला सांगायच्या. "भांडं इसरले, आंथरून इसरले, पन शेळी न्यायला उतरल्या उतरल्या येयाचे."

हाच हिशेब त्यांनी लातूरच्या क्लासला लावला होता. माणसं जातात, सीझन सरतो, माणसं येतात. उसाच्या फडातून माणूस गावाकडे परत येतो. क्लासच्या फडात गेलेलं घर सहसा येत नाही. बारावी झाली की एक वर्ष रिपीट, मग कॉलेज, मग तिकडेच फ्लॅट. आम्हा सगळ्यांना हे दिसत होतं. सिस्टरांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

अमानत सांभाळायचे त्यांचे कायदे होते. आलेल्या जनावराचं नाव बदलायचं नाही. सवय बदलायची नाही. ज्या भांड्यात ते खात आलं, त्यातच त्याला घालायचं. आणि सगळ्यात कडक कायदा म्हणजे लळा लावायचा नाही. "जायचं हाय त्येला," त्या म्हणायच्या. "हितं जीव गुतला तर तिकडं खानार न्हाई."

मुलीने ब्रुनोला इंग्रजीत शिकवलं होतं. म्हणून सिस्टर पदर खोचून, हातात भाकरीचा तुकडा घेऊन, अंगणात उभ्या राहून "सिट" म्हणायच्या. मग "कम". मग "शेकहँड". आमच्या भिंतीवरून हा इंग्रजीचा तास रोज ऐकू यायचा.

"सिस्टर, नुसतं 'बस' म्हणा की त्याला," मी एकदा म्हणालो. "अहमदपूरचं पाणी पितो. मराठी कळंल हळूहळू."

"न्हाई बगा सर. उद्या पोरगी आली अन् 'सिट' म्हनली, अन् ह्यो उबाच ऱ्हायला, मंग मी काय तोंड दाखवू तिला?"

 दुसऱ्या दिवशी पुन्हा इंग्रजीचा तास भरला.

एक अमानत आली की दुसरी येते. बदली झालेल्या एका साहेबांची मांजर आली. मग मुलाच्या क्लाससाठी नांदेडला गेलेल्या एका बाईंचा लव्हबर्ड्सचा पिंजरा आला. मांजर आणि पाखरं एका छपराखाली कशी ठेवायची, हा सिस्टरांच्या घरचा मोठाच प्रश्न झाला. शेवटी पिंजरा न्हाणीघरात टांगला. मांजर दिवसभर न्हाणीघराच्या बंद दारापुढे, तिकीट न मिळालेल्या माणसासारखी बसून राहायची. आमची बायको म्हणायची, "सिस्टरनी आता बाहेर बोर्डच लावावा." सिस्टर हसायच्या आणि पिंजऱ्यात राळे टाकायला जायच्या.

पण खरी परीक्षा उन्हाळ्यात. एवढ्या केसांचं कुत्रं आमच्याकडे कुणी, कुठल्या हौसेनं आणलं, देव जाणे. मे महिन्यात इथे माणसाची जीभ बाहेर येते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, कधी तेही नाही. सिस्टर भाजी धुतलेलं पाणी गोणपाटावर ओतायच्या, गोणपाट फरशीवर अंथरायच्या आणि त्यावर ब्रुनोला घ्यायच्या. स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायच्या. केस कापून टाका म्हणून आमच्या घरच्यांनी सुचवलं, तर आधी लातूरला फोन लावला. "मालकाला न इचारता कसं कापू?" तिकडून मुलीची आई घाईत म्हणाली, "कापा की, त्यात काय विचारायचं!" तेव्हा कुठे कात्री लागली.

पावसाळ्यात काळी माती आणि गोचीड. संध्याकाळी उंबऱ्यात बसून, चष्मा नाकावर ओढून, चिमट्याने एकेक गोचीड वेचायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. दिवाळीत आमच्याकडे फटाके फुटायचे तेव्हा सिस्टर कुणाच्या घरी फराळाला सापडायच्या नाहीत. आतल्या खोलीची दारं-खिडक्या गोधड्यांनी बंद करून, रेडिओ मोठ्याने लावून, त्या सगळ्या अमानतींना घेऊन आत बसलेल्या असायच्या.

आणि थंडीत ब्रुनोचं अंथरूण त्यांच्या खाटेलगत यायचं. खाटेवर नाही. खाली, पोत्यावर. त्याने सुरुवातीला वर चढायचा हट्ट करून पाहिला. पुढचे पाय खाटेवर टेकवून कुईं कुईं करायचा. सिस्टर प्रत्येक वेळी त्याचे पाय उचलून खाली ठेवायच्या. "न्हाई. जायचं हाय तुला." हळूहळू त्याने नाद सोडला.

एकदा थंडीत उन्हं वर आली तरी त्यांचं दार उघडेना, दूधवाला हाका मारून गेला, म्हणून मी खिडकीतून डोकावलो. सिस्टर गाढ झोपल्या होत्या. एक हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि त्याची बोटं कोपरभर थंडीतून जाऊन ब्रुनोच्या मानेच्या केसांत रुतली होती. मी खिडकी वाजवली तशा त्या जाग्या झाल्या आणि त्यांनी हात झटकन वर घेतला.

"झोपंत लोंबला असंल," त्या म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं.

वर्षं जात राहिली. साहेबांची मांजर एके पावसाळ्यात गेली ती परत आली नाही. एका कडक उन्हाळ्यात, लाईट गेलेल्या दुपारी, दोन्ही पाखरं पिंजऱ्याच्या तळाशी पडली. सिस्टरांना अन्न जाईना. कसा फोन करू, काय सांगू, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. शेवटी माझ्यासमोरच नांदेडला फोन लावला. "माफ करा बाई, तुमची पाखरं माझ्यानं वाचवनं झालं न्हाई," त्या म्हणाल्या. पलीकडून ऐकू आलं, "कुठली पाखरं?" मग आठवल्यावर, "अय्या, ती होय? असू द्या हो सिस्टर!"

फोन ठेवून सिस्टर बराच वेळ आमच्या ओट्यावर बसल्या. मला वाटलं, आता तरी कळलं असेल. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला. ब्रुनोची भाकर करायची ऱ्हायली."

मुलगी डॉक्टरकीला लागली ही बातमी आम्हाला प्राध्यापकांनी पेढे वाटले तेव्हा कळली. सिस्टरांनी पेढा ब्रुनोच्या नाकाशी नेऊन सांगितलं, "सरला बाबा तुजा सीझन." त्याच दिवाळीच्या सुटीत मायलेकी येणार असा निरोप आला. मग काय विचारता! ब्रुनोला शाम्पूने न्हाऊ घातलं, कंगव्याने गुंता सोडवला. त्याचा जुना लाल पट्टा, जो इतकी वर्षं ट्रंकेत ठेवला होता, तो तेल लावून मऊ केला. स्टीलची वाटी चिंचेने घासली. त्या दिवशी सकाळपासून त्याला खायलाही दिलं नाही. "पोरीच्या हातनं खाऊ दे," म्हणाल्या. नवीन लुगडं नेसून त्या फाटकात उभ्या होत्या. सासरी जाणाऱ्या लेकीच्या आईच्या तोंडावर जे असतं तेच त्यांच्या तोंडावर होतं, आणि ते बघवत नव्हतं.

गाडी आली. मुलगी उतरली. ओळखू येऊ नये इतकी मोठी झाली होती. "ब्रुनो!" म्हणून ती धावत आली. ब्रुनोने तिचा हात हुंगला. शेपटी हलवली, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही हलवतो तेवढीच. मग वळून तो सिस्टरांच्या मागे गेला आणि त्यांच्या पायाला टेकून बसला.

"आरं, जा की!" सिस्टर कावऱ्याबावऱ्या झाल्या. त्याला मागून ढकलू लागल्या. "मालकीन हाय ती तुजी! पोरी, तू 'सिट' म्हन, बसतोय त्यो. समदं याद हाय त्याला."

मुलगी हसली. 'सिट' म्हणाली. ब्रुनो बसलेलाच होता. तिने त्याच्याशेजारी वाकून मोबाईलवर फोटो काढला. तिच्या आईने सिस्टरांच्या हातात मिठाईचा बॉक्स ठेवला आणि सांगितलं, समोरचं घर विकायला काढलंय, त्याच कामाला आलोय, लगेच निघायचंय.

सिस्टरांनी वाटी आणि पिशवी पुढे केली. "अन् ह्यो?"

"आता कुठे नेणार हो, सिस्टर? ही होस्टेलला, आम्ही फ्लॅटमध्ये. आणि आता तो तुमचाच की! इतकी वर्षं झाली. आम्ही तर केव्हाच तुमचा समजून चाललोय."

वाईट हेतू नव्हता त्यांचा. गोड बोलून गेल्या त्या. गाडी गेली. सिस्टर वाटी हातात घेऊन तशाच उभ्या. मी भिंतीपलीकडून त्यांच्या फाटकाशी आलो. म्हटलं, "जाऊ द्या, सिस्टर. राहिला तर राहिला. बरंच झालं."

"केव्हाचं समजून चालले व्हते म्हनं," त्या हळू म्हणाल्या. "मंग सांगायचं व्हतं की, सर."

"सांगून काय केलं असतं तुम्ही?"

त्यांनी ब्रुनोकडे बघितलं. "जवळ घेतलं असतं."

मी त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि आत नेऊन ठेवली. 

त्या थंडीत सिस्टरांनी कायदा मोडायचं ठरवलं. रात्री खाटेवर हात थापटून त्या ब्रुनोला वर बोलवायच्या. "कम. ये बाळा, ये वर." तो मान वर करून बघायचा आणि पोत्यावर जाऊन बसायचा. उचलून वर घेतला तर थरथरत उभा राहायचा, काहीतरी चुकल्यासारखा, आणि हात सुटताच खाली उडी टाकायचा. आता त्याला म्हातारपणाने उडीही झेपत नव्हती. डोळ्यांवर सायही आली होती. "माझीच शिकवन," सिस्टर मला म्हणाल्या. "लई पक्की बसली."

मग त्यांनी आपलं अंथरूण खाली घेतलं. फरशीवर, त्याच्या पोत्याला लागून. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. आमच्या घरच्यांनी समजावलं, मी रागावलो. पुण्याहून मुलगाही फोनवर ओरडला. पण सिस्टर ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. सकाळी खाटेचा पाय धरून, भिंत धरून, कशाबशा उठायच्या, पण चेहरा असा असायचा की रागवायचं राहून जायचं. एक दिवस म्हणाल्या, "सर, घोरतोय बगा त्यो. इतके दिस ठावंच नव्हतं मला." एवढंच सुख मी त्यांच्या वाट्याला आलेलं पाहिलं.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी अंथरुणातून उठताना खाटेचा पाय हातून सुटला आणि त्या आडव्या झाल्या. खुब्याचं हाड मोडलं. बंद दाराआड ब्रुनो भुंकत राहिला, म्हणून आम्हाला कळलं. लातूरला ऑपरेशन झालं. मुलगा आला आणि तिथून परस्पर पुण्याला न्यायचं ठरलं. सामान घ्यायला गाडी अहमदपूरला थांबली तेव्हा सिस्टर मागच्या सीटवर उशांत रेलून होत्या, उतरणं शक्य नव्हतं.

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे, सर," मुलगा म्हणाला. "चालायला लागली की आणून सोडतो. सोसायटीत कुत्रं चालत नाही, नाहीतर..."

मी खिडकीशी गेलो. ब्रुनो माझ्या हातात होता, म्हणजे त्याचा लाल पट्टा होता. "काळजी करू नका, सिस्टर," मी म्हणालो. "तुम्ही येईपर्यंत अमानत म्हणून सांभाळतो."

त्यांनी खिडकीतून हात काढून माझं मनगट धरलं. नर्सबाईची पकड, अजून घट्ट होती.

"अमानत नगा म्हनू, सर," त्या म्हणाल्या. "तुमचंच म्हना. आजपासूनच म्हना. म्या केलं तसं नगा करू."

दोन महिन्यांच्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता हे मला तेव्हाच कळलं. आजवर दुसऱ्यांचे 'दोन' त्यांनी ऐकले होते, आता स्वतःच्या वाट्याचे ऐकत होत्या.

पुण्याहून त्यांचे फोन यायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "वर घेता का त्याला?" मी म्हणायचो, "घेतो, पण बसत नाही." "नेट लावा," त्या म्हणायच्या. मग फोन कमी झाले. मग मुलगाच फोन घ्यायला लागला. आई गोंधळते, म्हणाला, मधेच कुणालाही विचारते की सीझन सरला का, मला न्यायला कधी येणार. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला, सिस्टर गेल्या म्हणून. आम्ही पुण्याला जाऊन आलो. कॉलनीतल्या लोकांना वाटलं होतं शेवटचं तरी इथे आणतील.

ब्रुनो आमच्याकडे आहे. म्हणजे आमचं खातो. आमच्या घरच्यांनी त्याच्यासाठी गादी शिवली, मी खाटेवर हात थापटून पाहिला, सोप्यात जागा करून दिली. खाणं झालं की तो भिंतीला वळसा घालून सिस्टरांच्या दाराशी जातो आणि कुलूप लावलेल्या दाराकडे तोंड करून पायरीवर बसतो. समोरच्या घरात आता नवीन माणसं राहायला आली आहेत. त्या घराकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि सिस्टर तर इतकी वर्षं समजत होत्या की तो त्याच घरचा आहे. हे त्यांना दाखवायला मिळायला हवं होतं. माझ्या मनाला हे लागून राहिलं आहे आणि आता त्याला काही इलाज नाही.

शाळा सुटल्यावर मीही त्या पायरीवर जाऊन बसतो. एक हात त्याच्या मानेवर ठेवतो. तो हात सहन करतो, पण मान वळवत नाही. परवा रस्त्याने जाणाऱ्या एका बाई थांबल्या. नवीन असाव्यात.

"लई गोड हाय ओ," त्या म्हणाल्या. "तुमचं कुत्रं का, सर?"

"हो," मी म्हणालो. "माझंच आहे."

ब्रुनो कुलपाकडे बघत बसला होता.